कदमताल करून उगवलेलं गवत

सासूबाई नातीला भेटायला नेदरलँड्समधल्या आमच्या बेस्ट गावी आल्या होत्या. गुढीपाडव्याला घरी परतायचं ठरलं होतं, तेवढ्यात कोरोनामुळे विमानं बंद झाली. फलटणच्या शाळेत आयुष्यभर पीटी शिकवलेली बाई आमच्या चिंचोळ्या घरात अडकून पडली. नवरा वरच्या खोलीत मीटिंगमध्ये, मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून बसलेली, मुलीची शाळा टॅबवर. सासूबाई मागच्या दारात उभ्या राहून बाहेर बघत राहायच्या.

बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. आधीच्या मालकाने मागचं सगळं अंगण करड्या फरश्यांनी झाकून टाकलं होतं. लाकडी कुंपणापलीकडे मात्र शेजारच्या आजोबांचं लॉन होतं. आजोबा एकटे राहायचे आणि त्या गवताची मुलासारखी निगा राखायचे.

"असं आपल्याकडे का नाही?" सासूबाईंनी एकदा विचारलं.

"वेळ कुठे आहे, आई?"

"मला आहे की."

त्या शनिवारी माय-लेकांनी फरश्या उचलायला सुरुवात केली. खाली पिवळी वाळू निघाली. त्यावरच आम्ही गवताचं बी फेकलं. त्या वर्षी वसंत कोरडा गेला. पाऊस येईना, कबुतरं मात्र रोज येत. सासूबाईंनी बॅगेतून शिट्टी काढली. कबुतर उतरलं की त्या जोरात शिट्टी मारायच्या. माझ्या मॅनेजरने मीटिंगमध्ये विचारलं, तुमच्याकडे फुटबॉल चालू आहे का?

आजोबा कुंपणाशी आले तेव्हा मला वाटलं, तक्रार करणार. पण मला कळावं म्हणून ते सावकाश डचमध्ये म्हणाले, "वाळूत पाणी राहत नाही. आता काही उगवणार नाही. ऑगस्ट संपता संपता पेरा. जमीन उबदार असते, रात्री गार असतात, दव पडतं."

मी सासूबाईंना मराठीत सांगितलं.

"त्यांना विचार, तोवर मी काय करू?"

आजोबा हसले. "माती करा."

मग उन्हाळाभर माती झाली. घरापुढे काळ्या मातीचा आणि खताचा ढीग येऊन पडला. तो एकचाकी गाडीतून मागे न्यायचा, वाळूत मिसळायचा, खडे वेचायचे. आजोबा आपल्या खड्ड्यातलं कुजलेलं पालापाचोळ्याचं खत बादलीत भरून कुंपणाशी ठेवायचे आणि चार पावलं मागे सरायचे. मग सासूबाई पुढे होऊन बादली उचलायच्या. रिकाम्या बादलीतून डब्यात घालून थालीपीठ परत जायचं. आजोबा ते स्ट्रॉबेरीच्या जॅमबरोबर खातात हे कळल्यावर सासूबाईंना दोन दिवस वाईट वाटत होतं. मग त्यांनीही खाऊन बघितलं. "वाईट नाही लागत," म्हणाल्या.

जुलैमध्ये नवऱ्याने बातमी आणली. "आई, मुंबईचं तिकीट मिळतंय."

"आणि बी कोण पेरणार?"

"आम्ही पेरू."

"तुम्ही एकदा पेरलंत, बघितलं मी."

व्हिसाची मुदत वाढवून मिळाली होतीच. त्या राहिल्या.

ऑगस्टच्या शेवटी माती सपाट झाली. आता ती दाबायची होती. आजोबांनी रोलर देऊ केला. सासूबाई म्हणाल्या, "रोलर कशाला? घरात माणसं आहेत." आम्हा तिघांना त्यांनी एका ओळीत उभं केलं. शिट्टी वाजली. "कदमताल... एक, दोन, एक, दोन." आम्ही इंच इंच पुढे सरकत माती तुडवत होतो. नवऱ्याचं पाऊल चुकलं की त्याला नावाने हाक यायची. मुलगी हसून हसून वाकली होती. मी मान वळवली तर कुंपणापलीकडे आजोबाही कमरेवर हात ठेवून गुडघे उचलत होते. सासूबाईंनी त्यांच्याकडे बघितलं आणि मराठीतच सांगितलं, "पाठ ताठ." त्यांना काय कळलं कोण जाणे, पण पाठ ताठ झाली.

नंतर पेरणी झाली. सकाळ-संध्याकाळ झारीने हलकं पाणी. आठवड्याभराने मुलगी सकाळीच डचमध्ये ओरडत आत आली. आम्ही बाहेर जाऊन वाकून बघितलं. मातीवर पोपटी लव आली होती. सासूबाई उकिडव्या बसून तिच्यावरून तळहात फिरवत राहिल्या.

सप्टेंबरच्या शेवटी वादळ झालं आणि आमच्या मधलं कुंपण आडवं झालं. नवरा फोनवर नव्या फळ्या शोधायला लागला. आजोबा मोकळ्या जागेशी येऊन उभे राहिले.

"घाई आहे का?" त्यांनी विचारलं.

मी सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "बी उरलंय थोडं."

कुंपणाच्या जागी राहिलेला मातीचा पट्टा त्या दोघांनी मिळून तुडवला आणि पेरला. आजोबा त्या टोकाकडून, सासूबाई या टोकाकडून, मध्ये अंतर राखून. त्यानंतर थोड्याच दिवसांत सासूबाई फलटणला गेल्या.

वसंतात आजोबा गवत कापायचं मशीन घेऊन आले. कुंपण होतं तिथे ते वळले नाहीत. सरळ आमच्या भिंतीपर्यंत कापत आले. मी व्हिडिओ कॉलवर सासूबाईंना दाखवत होते.

"पातं जरा वर घ्यायला सांग," त्या म्हणाल्या. "कोवळं आहे अजून."

मी सांगितलं. आजोबांनी फोनकडे बघून मान डोलावली आणि पातं वर घेतलं. मग आम्ही सतरंजी आणली, वरण-भाताचं पातेलं आणलं. मुलगी अनवाणी त्या दारापासून या दारापर्यंत पळत होती, आणि जेवायला ये म्हटलं तरी थांबत नव्हती.