बिनपट्टीची रेघ

बाजारपेठेत सगळे त्याला बिनपट्टी म्हणायचे. खरं नाव विचारलं तर बायकोलाही क्षणभर आठवावं लागे. दुकानांच्या पाट्या रंगवणं हा त्याचा धंदा, आणि पाटीची किनार तो पट्टी न लावता, नुसत्या हातानं ओढायचा. डावरा असल्यामुळे त्याची रेघ उजवीकडून डावीकडे धावायची. त्याआधी ब्रश पाटीपासून बोटभर लांब धरून एक कोरडी रेघ हवेतच ओढायची, मग श्वास रोखायचा आणि मग खरी. शंका घेणारे सुतार पट्टी लावून बघत आणि ती खिशात घालून निघून जात.

गेले आठ महिने तो हात थरथरत होता. हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोला म्हणाला, चष्म्याचा नंबर वाढलाय. गिऱ्हाइकांना म्हणाला, किनारीची फॅशन गेली. चहाचा कप उजव्या हातानं धरायची सवय केली, आणि झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत दिवस ढकलत राहिला.

अशात धाकट्या भावाच्या प्रदर्शनाचं आमंत्रण आलं. जाड कागदाचं, वर ठळक अक्षरांत धाकट्याचं नाव आणि नावापुढे 'चित्रकार'. बिनपट्टीच्या अंगाचा तिळपापड झाला.

"चित्रकार! शाळेत यानं बदक काढलं होतं तर बाईंनी विचारलं, छत्री का रे ही?"

"अहो, झाली त्याला चाळीस वर्षं," बायको म्हणाली.

"बदक सुधारलं असेल असं वाटतं का तुला?"

धाकटा कॉम्प्युटरवाला. दोन वर्षांपूर्वी दोन रविवार घरी येऊन बसला होता. दादाच्या मनगटाला घड्याळासारखं काहीतरी बांधलं, समोर कॅमेरा लावला, शंभरेक रेघा ओढून घेतल्या, वहिनीच्या हातचं पोटभर जेवला आणि गेला. त्याचं पुढे काय झालं ते सांगायची तसदीही घेतली नाही. तोही राग होताच. 'मी येणार नाही' असं बिनपट्टी तीन दिवस म्हणत होता. चौथ्या दिवशी स्वतःच इस्त्रीचा शर्ट शोधू लागला. न जाऊन करतो काय? भावाची फजिती झाली तर ती बघायला घरचं कुणी नको का?

फजिती कुठली! दारात रांग होती. पहिल्या दालनात जुन्या मोबाइलच्या वायरी विणून केलेला पडदा. दुसऱ्यात एक भिंत, तिच्यासमोर उभं राहिलं की आपला चेहरा लोकांनी एकमेकांना पाठवलेल्या निरोपांच्या अक्षरांतून उमटायचा. बायको दोनदा उभी राहिली. "माझं नाक बघा, नुसतं 'कुठे आहेस, कुठे आहेस' झालंय!" ती हसत म्हणाली. बिनपट्टीला हसू आलं नाही. शेजारी उभी असलेली एक पोरगी मैत्रिणीला सांगत होती की या माणसाच्या हातात जादू आहे. हातात! ज्याला खिळा सरळ ठोकता येत नाही त्याच्या! आपण तीस वर्षं शिडीवर उभं राहून अख्खी बाजारपेठ रंगवली, तेव्हा कुणी फोटो काढला होता का? पोटात अक्षरशः दुखायला लागलं.

शेवटच्या दालनात सर्वांत जास्त गर्दी होती. मधोमध एक पोलादी हात, त्याच्या चिमट्यात ब्रश, पुढे काळी पाटी. हात उचलला गेला. पाटीपासून बोटभर लांब थांबला आणि हवेतच उजवीकडून डावीकडे एकदा कोरडा फिरला.

"विचार करतोय वाटतं," कुणीतरी म्हणालं. लोक हसले.

बिनपट्टीनं नकळत श्वास रोखला. हात जरासा थांबला, मग पाटीला टेकला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरी रेघ निघाली. एकसारखी, कुठे जाड नाही, कुठे बारीक नाही. आपली रेघ त्याला पट्टीवाचून ओळखता येत होती.

"आयत्या बिळावर नागोबा," तो पुटपुटला. तेवढ्यात धाकट्यानं त्याला पाहिलं.

"दादा!" तो गर्दीतून धावत आला आणि हाताला धरून त्याला पुढे घेऊन गेला. "मंडळी, मघापासून विचारताय ना, हा हात कुणाचा? हा माझ्या दादाचा. मला साधी रेघ येत नाही, मी फक्त दादाची जपून ठेवलीय. मुद्दामच सांगितलं नाही रे तुला, म्हटलं इथंच दाखवावं." टाळ्या वाजल्या. धाकट्याचे डोळे भरले होते. त्यानं ब्रश पुढे केला. "आता याच्या शेजारी तुझी एक होऊ दे."

इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते सगळं समोर होतं. लोक, टाळ्या, कॅमेरे. बिनपट्टीनं ब्रश घेतला आणि पाटीपासून बोटभर लांब धरला. कोरडी रेघ हवेतच वेडीवाकडी गेली. रंगाचे दोन थेंब बुटावर पडले. पहिल्या रांगेतल्या लोकांनी वर धरलेले मोबाइल खाली घेतले. धाकटा आधी ब्रशकडे बघत राहिला, मग दादाकडे.

बिनपट्टीनं ब्रश खाली घेतला आणि भावाच्या हातात परत दिला.

"त्यालाच ओढू दे," तो म्हणाला. "आणि त्याला सांग, शेवटी ब्रश हळू उचलायचा. मी कधी घाई करत नव्हतो."

परतताना बसमध्ये बायकोनं त्याचा डावा हात मांडीवरून उचलून आपल्या दोन्ही हातांत घेतला. हात थरथरतच होता.

"भावजींवरचा राग गेला का?" तिनं विचारलं.

"त्याच्यावर कसला राग," बिनपट्टी खिडकीबाहेर बघत म्हणाला. "पण तो दुसरा मेला बघितलास ना? माझाच हात, आणि कधी म्हणून थरथरायचा नाही."