जंताची गोळी

"लैंगिक शिक्षण अन् शाळेत? बिलकुल नको," पालकसभेत सगळे म्हणत होते. शेजारी बसलेल्या माझ्या लेकीच्या तोंडाला जंताच्या गोळीचा गोडसर वास येत होता. त्या वासानं मला आष्टीतला आमचा नववीचा वर्ग आठवला.

प्रजननाचा धडा बाईंनी 'घरी वाचा' म्हणून सोडून दिला होता. एकदा बाई जंताच्या गोळ्या वाटत होत्या, तेव्हा माझ्या बाकावरची रुक्मिण म्हणाली, "बाई, मला दोन द्या. पोट फुगून राह्यलं, आत कायतरी हलतंय."

आम्ही पोरी हसलो. बाई तिच्या पोटाकडं बघतच राहिल्या. मग दुसरी गोळी तिच्या हातावर ठेवून हळूच म्हणाल्या, "चावून खा. कोणाला सांगू नको."

रुक्मिण पुन्हा शाळेत दिसली नाही. मला मात्र कितीतरी वर्षं बाई मायाळू वाटत राहिल्या.