मोठी सिस्टर आणि डॉक्टरांचा फलक

त्या दोघी सख्ख्या बहिणी एकाच दवाखान्यात नर्स होत्या, म्हणून सगळे त्यांना मोठी सिस्टर आणि धाकटी सिस्टर म्हणत. धाकटी कॉलऱ्याच्या साथीत गेली तेव्हा तिचा मुलगा चार वर्षांचा होता. बाप आधीच परागंदा झालेला. मोठीने लग्नाचा विचार सोडला, भाच्याला पदराखाली घेतलं आणि पुढची बत्तीस वर्षं त्याच दवाखान्यात काढली.

निवृत्त होऊन तिला चौदा वर्षं झाली होती, तेव्हा फलक समितीचे चिटणीस घरी आले. शहरातल्या नामवंतांचे फलक इमारतींवर बसवायचं काम चाललं होतं. दवाखान्याच्या दर्शनी भिंतीवर तिथल्या एका जुन्या, आता हयात नसलेल्या डॉक्टरांचा फलक लागणार होता. मजकूर त्यांनी वाचून दाखवला : साथीच्या काळात रात्रंदिवस रुग्णांच्या उशाशी उभे राहिलेले. त्या वेळचं दुसरं कोणी उरलं नव्हतं, म्हणून समारंभात सिस्टरनेच दोन शब्द बोलावेत अशी त्यांची इच्छा होती.

सिस्टर म्हणाली, डॉक्टर तिसऱ्याच दिवशी बायकोमुलांना घेऊन निघून गेले होते. चाळीस खाटा, नव्वद रोगी, सलाईन संपलेलं. दोघी बहिणी मीठ-साखरेचं पाणी चमच्याचमच्याने पाजत होत्या. डॉक्टर उगवले ते साथ ओसरल्यावर.

चिटणीसांनी चष्मा पुसला. फलक ओतून तयार आहे, म्हणाले, आणि गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये.

समारंभात तिला पहिल्या रांगेत बसवलं. भाचा मागे उभा होता; तो तिथेच प्रयोगशाळेत कामाला होता. पडदा सरला, टाळ्या झाल्या, कोणीतरी तिला हाताला धरून माईकपाशी नेलं.

"डॉक्टर तिसऱ्या दिवशी गेले," ती म्हणाली. "माझी बहीण अकराव्या दिवशी गेली. डॉक्टर परत आले."

एवढंच बोलून ती खाली बसली. चिटणीसांनी घाईने माईक घेतला, वयोमानाने आठवणींची सरमिसळ होते असं हसत हसत सांगितलं, आणि मंडळी चहाकडे वळली.

घरी आल्यावर भाच्याने बूटसुद्धा काढले नाहीत. "मावशी, हे मला माईकवरून कळायचं होतं?"

मग तिने उरलेलंही सांगितलं. त्याला नोकरी लागत नव्हती तेव्हा ती डॉक्टरांच्या दारात गेली होती. जुनी गोष्ट कधी तोंडातून निघणार नाही, असा शब्द दिला होता. दुसऱ्या दिवशी त्याला प्रयोगशाळेत घेण्याची चिठ्ठी मिळाली.

"म्हणजे आईच्या जिवावर लागलेली नोकरी," तो म्हणाला.

नोकरी त्याने सोडली नाही. पन्नाशीला आलेला, पदरात दोन मुलं, जाणार कुठे? पण महिन्याभरात त्याने बिऱ्हाड हलवलं. दीड वर्षाने सिस्टरला त्याच दवाखान्यात आणलं, मूत्रपिंडं निकामी झाली होती. तो रोज सकाळी येई, तिच्या दंडाला पट्टा बांधून रक्त काढून घेई, स्वतः तपासी. अहवाल ड्यूटीवरच्या नर्सच्या हातात देई आणि निघून जाई. शेवटच्या नऊ दिवसांत तो तिच्याशी एकच वाक्य बोलला. हात सैल सोड, म्हणाला.