रिलिव्हर आल्याशिवाय पणजी नाही

सूर्याचा कारभार आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांकडे असता, तर सिल्वासात संध्याकाळच झाली नसती. चंद्र समोर येऊन 'आलो, आता सोडा' म्हणेपर्यंत त्यांनी सूर्याला जागचं हलू दिलं नसतं. काकांची उभी नोकरी राखोलीच्या एका धाग्याच्या कारखान्यात गेली. तिथला नियम असा, की पुढच्या पाळीचा माणूस, म्हणजे रिलिव्हर, येऊन मशीनवर उभा राहिल्याशिवाय आधीच्याने मशीन सोडायचं नाही. काका निवृत्त झाले. नियम झाला नाही. लग्नात ते पहिल्या रांगेतल्या खुर्चीवरून उठतात ते दुसऱ्या कुणाला तरी हाताला धरून बसवूनच, मग तो माणूस मांडववाला असो की वाट चुकलेला पाहुणा. एकदा बाजारात एका अनोळखी इसमाने त्यांना 'काका, दोन मिनिटं गाडीकडे बघा' म्हटलं आणि तो बहुधा जेवून, झोपून, अंघोळ करून परत आला. तोवर काका त्या परक्या स्कूटरच्या हँडलला हात लावून उभे. पिशवीतल्या मेथीने मान टाकलेली. काकूंनी मला शोधायला पाठवलं. मी म्हटलं, "काका, चला घरी. हे सरळसरळ शोषण आहे!"

"तू थांबतीस का गाडीपाशी?"

"मी का थांबू?"

"मंग भाषण नको करू वं."

मला भाषणाची सवय आहे हे खरं. जवळच्या सायली गावातल्या कारखान्यांच्या गेटवर मी पत्रकं वाटते. सध्या आमची मागणी आहे सामरवरणीच्या रस्त्याला फुटपाथ. एका बाजूला ट्रक, दुसऱ्या बाजूला गटार आणि मधल्या वीतभर जागेत नागरिक, अशी इथे चालण्याची व्यवस्था आहे. म्हणूनच काकूंनी फोनवर पणजी पाहिली आणि त्या हरखल्या. रंगीत घरांच्या गल्ल्या, भिंतींवर चिनीमातीचे कोंबडे, दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याकडे निवांत बघणारी माणसं. डॉक्टरांनी काकूंच्या गुडघ्यांकडे बघून मान हलवायला सुरुवात केली होती. काकू म्हणाल्या, "हे गुडघे ऐकतायत तोवर एक शनिवार-रविवार मला तिथे न्या. बाकी काही नको. मागून हॉर्न न वाजता नुसतं चालायचंय."

काकांनी ताबडतोब नियोजन हाती घेतलं. चर्चच्या पायऱ्या गुडघे ताजे असताना सकाळी, नदीकाठ संध्याकाळी, कुठल्या गल्लीत चढ, कुठे बसायला सावली, सगळं तोंडपाठ. एकाच गोष्टीने ते हादरले. दुपारी तिथली दुकानं बंद असतात.

"अख्खं गाव एकाच टायमाला जेवायला? आन रिलिव्हर?"

"नसतो, काका. माणसं झोपतात."

"मंग गाव चालू कसं राहतं?" बिचाऱ्यांना दोन दिवस अन्न गोड लागलं नाही.

पण खरा घोळ पुढेच होता. आपण पणजीला गेल्यावर घराचा चार्ज कुणाकडे? घरात होतं काय, तर एक गॅस, एक तुळस, सकाळी येणारं नळाचं पाणी आणि एक मांजर, तेसुद्धा शेजाऱ्यांचं. तरी बेत एकदा पुढे गेला, दोनदा गेला. तिसऱ्यांदा माझं रक्त उसळलं. 'काकूंना चालू द्या!' अशा मथळ्याचं पत्रक लिहून मी त्यांच्या दारावर चिकटवलं. खाली चार मागण्या, शेवटी जाहीर निषेध. काकांनी चष्मा लावून ते शांतपणे वाचलं.

"मागणी एकच ठेवत जाय, पोरी. चार ठेवल्या का मालक चौथी मान्य करतो आन फोटो काढतो."

चौथी मागणी मांजराबद्दल होती. ती त्यांनी जागेवरच मान्य केली.

मग मीच रिलिव्हर व्हायला तयार झाले. काकांनी रीतसर ट्रायल घेतली. दूध गॅसवर ठेवलं, मला समोर उभं केलं आणि सहज विचारलं, "फुटपाथचं काय झालं गं?" मी सांगू लागले. प्रशासनाच्या अनास्थेपर्यंत पोचले तेव्हा दूध ओट्यावरून खाली टपकत होतं.

"नापास," काका म्हणाले. "हिला चार्ज देता येत नाही."

काकू फडकं घेऊन आल्या. ओटा पुसला. फडकं पिळलं. मग नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "अहो, लग्न झाल्यापासून मी या ओट्याशी पाळीवर आहे. माझा रिलिव्हर कधी आला?"

आयुष्यात पहिल्यांदा नियम काकांकडे बघत होता.

"उभे राहा इथे," काकूंनी फडकं त्यांच्या हातात दिलं. "आता मी सुटले. हिला घेऊन पणजीला जाते."

आणि आम्ही गेलो! काकू चालल्या. गल्लीगल्लीत, दर कोंबड्यापाशी थांबत, गुडघ्याला शिव्या घालत चालल्या. दर वळणावर काकांचा फोन: "पिवळं घर आलं का? आता डाव्या हाताला घ्या, सावली आहे." काकू वैतागून म्हणायच्या, "दूध बघा तुम्ही," आणि डावीकडेच वळायच्या. नदीकाठच्या बाकावर त्यांनी पर्स शेजारी ठेवून जागा धरली. एक बाई बसायला आल्या तेव्हा काकू नकळत म्हणाल्या, "इथे माणूस आहे." मग पर्स उचलून मांडीवर घेतली.

रविवारी शेवटच्या वळणावर फोन आला नाही. मीच लावला. म्हटलं, मांजर पळालं की काय. "नाही, आहे इथंच," काका म्हणाले आणि त्यांनीच फोन ठेवला.

आम्ही परतलो तेव्हा काका दारातच उभे होते, खांद्यावर तेच फडकं. काकू आत येऊन ओट्याशी उभ्या राहिल्यावर त्यांनी चार्ज दिला, कारखान्यात देत असतील तसाच, ताठ उभं राहून. दूध तापवलं. पाणी भरलं. तुळशीला घातलं. मांजर जेवलं.

"काही बिघाड?" काकूंनी हसत विचारलं.

काकांनी फडक्याची नीट घडी घातली.

"आवाज नव्हता," ते म्हणाले. "मशीन बंद पडल्यावर होतं ना, तसं. सगळीकडे बघितलं मी. पण बिघाड सापडला नाही."