त्याला विचारलं तरी

आमच्या शिवाजी पेठेतले गोलीमामा दूध प्यायचे ते कट्ट्यावर, समोर म्हैस पिळून घेऊन. तरीही पेला तोंडाला लावण्याआधी गवळ्याला विचारायचे, "सकाळी हिला पाणी किती पाजलंस?" जगात कुणावर चटकन विश्वास टाकायचा नाही, हा त्यांचा नेम. मामी सांगायच्या, "अंतरपाट खाली आला आणि ह्यांनी पयलं काय विचारलं ठाऊक हाय? 'बघाय आलतो ती तूच न्हवं?'"

तरुणपणी ते एका तालमीच्या फुटबॉल संघाचे गोलकीपर होते; आमच्याकडे कुस्तीच्या तालमीच फुटबॉलचे संघही चालवतात. 'गोली' हे नाव तेव्हाचं, ते मागाहून सगळ्यांचे मामा झाले तरी चिकटून राहिलं. खेळ सुटल्यावरही ते सामने पाहायला जात आणि गोलपोस्टच्या मागे बसत. पंचाने घड्याळाकडे पाहिलं की म्हणायचे, "कुणाची तरी वाट बघतोय बघ." एखादा खेळाडू कळवळून पडला तर, "उठंल आता. पडताना आधी हात टेकलाय त्यानं." बहुतेक वेळा तो उठायचाच. त्यामुळे मामांना खोटं पाडायची संधी आम्हाला फारशी मिळाली नाही.

या स्वभावाचं मूळ साऱ्या पेठेला माहीत होतं, पण त्यांच्यासमोर ते कुणी काढत नसे. एका अंतिम सामन्यात, खेळ संपत आलेला असताना, साधा सरळ आलेला चेंडू मामांच्या हातून निसटून जाळ्यात गेला. संघ हरला. लोक मैदानाबाहेर पडेपर्यंत बोलणं पसरलं होतं की गोलीने मॅच विकली. त्यानंतर मामा कधी गोलमध्ये उभे राहिले नाहीत. लेथवर काम करून त्यांनी संसार केला आणि जग त्यांच्याकडे जसं पाहत होतं, तसंच ते जगाकडे पाहू लागले.

मी त्यांच्या शेजारची. दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी मी मामा-मामींना आमच्याकडे टीव्हीवर एक माहितीपट पाहायला बोलावलं. एका चिमुकल्या डोंगराळ देशाचा राष्ट्रीय फुटबॉल संघ, कायम हरणारा आणि शेवटी एकदा जिंकणारा. कुणी बस चालवणारा, कुणी पाव भाजणारा, आणि संध्याकाळी सगळे सरावाला. मामा पाय दुमडून बसले आणि सुरुवातीलाच म्हणाले, "ह्ये पुढं जिंकणार, ह्ये कॅमेरावाल्याला आधीच कसं ठाऊक?"

"ठाऊक नव्हतं, मामा. तो नुसता त्यांच्यामागे फिरत होता."

"दुसरं काम न्हवतं व्हय त्याला?"

खालच्या इंग्रजी ओळी मी मराठीत सांगत होते. त्यावरही त्यांना शंका. "तो एवढा बोलला आणि तू एवढंच सांगतीस?" एक खेळाडू रडला, तर त्यांनी मान हलवली. "कॅमेरा असल्यावर कोण रडत न्हाय."

मग त्या संघाचा गोलकीपर पडद्यावर आला. त्याच्या देशात लोक म्हणत, यानेच एक सामना विकला. माहितीपट काढणारा त्याच्या स्वयंपाकघरात बसला आणि त्याने सरळ विचारलं, "तू विकलास का?" तो माणूस "नाही" म्हणाला आणि चुलीवरचं भांडं उतरवायला उठला.

मामा म्हणाले, "परत लाव."

मी परत लावलं. त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. मी वाट पाहत होते, आता काय खोट काढतात. ते म्हणाले, "खरं बोलतोय त्यो." आणि थोड्या वेळाने, "त्याला विचारलं तरी कुणी. मला तर समद्यांनी सांगितलंच."

मामींचा शेंगा फोडणारा हात थांबला. मी टीव्हीचा आवाज बंद केला आणि विचारलं, "मामा, काय झालं होतं तेव्हा?"

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, मला हे कुणी शिकवून तर पाठवलं नाही ना, अशा नजरेने. मग म्हणाले, "काय हुयाचंय? वळीव पडून गेलता. चेंडू वला हुता. सुटला. एवढंच."

"मला खरं वाटतं."

"एवढ्या लगीच?"

पण त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं. मी ते पूर्वी पाहिलं नव्हतं. पडद्यावर तो संघ पहिल्यांदा एक सामना जिंकत होता. मामांचं तिकडे लक्षच नव्हतं, ते मामींना सांगत होते, चेंडू कुठून आला, पाय कसा सरकला. मामी पहिल्यांदाच ऐकत होत्या. एवढ्या वर्षांत त्यांनीही विचारलं नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात मामा गेले. घरी भेटायला येणाऱ्यांत एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत आले. पूर्वी मामांच्याच संघात बॅकला खेळायचे. मामींसमोर बसून, कुणी न विचारता ते म्हणाले, "चेंडू वला हुता, वैनी. मी म्होरंच हुतो. मी बघितलंय."

मामींनी त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

"ह्ये त्यास्नी सांगायचं हुतं, पावणं," त्या म्हणाल्या.