टोपीवरचं कुंकू

अनूच्या उजव्या तर्जनीला चटका कळत नाही. दसऱ्याच्या आधीच्या रविवारी हे माझ्या लक्षात आलं आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाही. गॅसवरचं चहाचं पातेलं तिने पकड न घेता बोटांनीच उतरवलं आणि बोलणं मध्ये तोडलंसुद्धा नाही. मी हात ओढून पाहिला. बोटाचं टोक पांढुरकं, टाचेच्या कातडीसारखं कडक.

"सवय झाली गं," म्हणाली. मग हळूच, "श्यामकांत सरांच्या कानावर जाऊ देऊ नकोस हां."

अनुपमा माझी थोरली. लहानपणी घाटकोपरच्या ह्याच खोलीत ती इस्त्रीला, दिव्याच्या काचेला, धाकट्याला ताप आला की त्याच्या कपाळाला बोट लावत फिरायची. ह्यांची मिल बंद पडली तेव्हा तिच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाचं शेवटचं वर्ष होतं. निकाल लागला त्याच महिन्यात ती अंधेरीत श्यामकांत सरांच्या छोट्या कारखान्यात लागली. तिथे कॉम्प्युटरचे बोर्ड बनतात. बोर्ड अर्धा तास चालू ठेवायचा आणि कुठला भाग जास्त तापतो ते बोट लावून बघायचं, हे तिचं काम. बोट तीन सेकंद टिकलं तर बोर्ड पास. तिची पारख अशी पक्की की सगळे तिला थर्मामीटर म्हणायचे. जुना फिटर दत्ताराम म्हणायचा, अनूताई, बोटाचा विमा उतरवा. त्या बोटाच्या जोरावर ती पाच वर्षांत मुख्य तपासनीस झाली.

यंदा त्यांना चेंबूरच्या एका प्रसूतिगृहाचं काम मिळालं. दिवस भरण्याआधी जन्मलेली बाळं ज्या काचेच्या पेटीत ठेवतात, तिची ऊब सांभाळणारा बोर्ड. काम नाजूक, म्हणून श्यामकांत सरांनी पवईच्या इंजिनियरिंग कॉलेजातल्या ओळखीने एका दिवसापुरता उष्णता दाखवणारा कॅमेरा आणला. त्यात बर्फाहून कितीतरी थंड असा पातळ नायट्रोजन ओतावा लागतो. मग पडद्यावर गरम ते पांढरं आणि थंड ते काळं दिसतं. अनू दिवसभर नव्या नवरीसारखी त्याच्याभोवती फिरत होती.

रात्री जेवताना तिने गंमत सांगितली. आदल्या दिवशी दसऱ्याची यंत्रपूजा झाली होती आणि दत्तारामने हा बोर्डही सोडला नव्हता. बोर्डावर एका भागाला चकचकीत पत्र्याची टोपी आहे, पेटीची सगळी वीज त्याच भागातून जाते. त्या टोपीवर त्याने कुंकवाचं बोट टेकवलेलं. कॅमेऱ्यात टोपी सगळी काळी आणि मधोमध कुंकवाचा ठिपका पांढरा लख्ख.

"देवी कोपली वाटतं," दत्ताराम म्हणाला.

"देवी नाही रे, तुझा खरकटा हात. पूस ते," सर म्हणाले.

स्पिरिटने पुसलं. पुन्हा बघितलं तर टोपी काळीच, म्हणजे थंड. अनूनेही बोट लावलं, पाच सेकंद टिकलं. तिने सही केली. ऐकून मीसुद्धा हसले.

त्याला चार दिवस झाले. आज बोर्ड प्रसूतिगृहातल्या पेटीत बसला. रिकामी पेटी रात्रभर नीट चालते का हे बघायला अनू तिथेच थांबली आहे. सकाळी सहाला गोवंडीच्या शकू नावाच्या बाईचं बाळ त्या पेटीत ठेवायचं आहे. बाराशे ग्रॅमचं, अनूनेच संध्याकाळी फोनवर सांगितलं.

झोपण्याआधी मी अंग धुवायला पाणी तापवलं. पातेलं बुडाशी काजळलेलं, वरून घासून लखलखीत. उतरवून ठेवताना काळ्या बाजूची धग गालाला लागली, लखलखीत बाजूची लागली नाही. मी पुन्हा दोन्ही बाजूंना गाल नेऊन पाहिला. बी.एस्सी.ला फिजिक्सच्या प्रयोगात हेच होतं. गरम पाण्याचा डबा, एक बाजू काजळ धरलेली, दुसरी पॉलिश केलेली. पाणी एकच, पण पॉलिशच्या बाजूला धग मोजणारा काटा जेमतेम हलायचा. चकचकीत पत्रा आतून कितीही तापला तरी धग बाहेर सोडत नाही. म्हणजे ती टोपी कॅमेऱ्याला काळीच दिसणार. कुंकू काजळासारखं, धग सोडणारं; खरं सांगत होतं ते कुंकूच. ते त्यांनी पुसलं. आणि मग मेलेल्या बोटाने साक्ष दिली.

माझं चुकत असेल. त्या प्रयोगाला आता तीस वर्षं होतील. श्यामकांत सर इंजिनियर आहेत, मी जन्मभर स्वयंपाक केला. पण तो भाग जळून चालूच्या चालूच चिकटून बसला तर पेटी तापतच राहील, आणि बाराशे ग्रॅमचं बाळ रडून किती रडणार.

कमलकडे, शेजारच्या दारात, फोन आहे. प्रसूतिगृहाचा नंबर अनूने कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवला आहे. अनूला फोनवर बोलावलं तर ती पुन्हा तेच बोट लावेल आणि म्हणेल, थंड आहे गं आई, झोप. दुसऱ्या कोणाला सांगितलं तर पहिला प्रश्न येईल, की मग मुख्य तपासनिसाला कसं कळलं नाही? त्या उत्तरात तिची नोकरी जाईल. घरात बांधलेला पगार तिचाच. ती माझ्याशी बोलणार नाही, कदाचित वर्षभर.

दीड वाजून गेला आहे. हे लिहिणं बाजूला ठेवते आणि कमलचं दार वाजवते. अनूला बोलवा म्हणणार नाही. रात्रपाळीच्या सिस्टरला सांगणार आहे, ते बाळ त्या पेटीत ठेवू नका. बोर्ड तपासणाऱ्या मुलीच्या बोटाला चटका कळत नाही. मी तिची आई बोलतेय.