बनाबाईचा हिरो

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात बेंबळीजवळच्या एका गावात दुष्काळी कामावर दोनशे बाया रस्त्याची खडी फोडत होत्या. त्यांत बौद्ध वस्तीतली बनाबाई होती. अंगानं काटक, आवाज भरदार. जत्रेतल्या तंबूत एकदा सिनेमा बघितला की त्यातला हिरो, व्हिलन सगळे तिला तोंडपाठ. दुपारच्या सुट्टीत ती कोळशानं मिशी काढायची आणि बाया घास हातात धरून हसत बसायच्या.

वस्तीचा सरकारी टँकर सोसायटीचे चेअरमन हिंमतराव यांच्या मोसंबीच्या बागेत रिकामा व्हायचा. ठाऊक सगळ्यांना होतं, बोलत कुणी नव्हतं.

एके दिवशी बनाबाईनं सिनेमातला रडका सीन लावला. तिची मैत्रीण हरणाबाई खडीच्या ढिगावर आडवी झाली, मरणाला टेकलेली आई म्हणून. "बेटा, पानी..."

बनाबाईनं छाती पिटली. "माँ, अभी मत मर! टँकर मोसंबीला पाणी पाजायला गेलाय. तिचं पोट भरलं की तुझाच नंबर!"

संध्याकाळपर्यंत हा डायलॉग गावभर झाला. पोरीबाळी रिकाम्या घागरी घेऊन हिंमतरावांच्या दारावरून जाताना "माँ, अभी मत मर" ओरडायला लागल्या.

तिसऱ्या दिवशी मुकादम महारुद्र तिला सोसायटीच्या ओट्यासमोर घेऊन आला. गाव जमलं होतं.

"माफी माग, बने," हिंमतराव म्हणाले, "न्हायतर हजेरीतून नाव कमी."

बनाबाई गुडघ्यावर बसली. सिनेमातल्या हिरॉइनीसारखा पदर पसरला, गळा काढला. "चुकलं मालक! तुमचा काय बी दोष न्हाय. टँकरच आंधळा हाय. त्याला आमची वस्ती दिसत न्हाय, तुमची बाग तेवढी बरोबर दिसती!"

आधी टँकरचा ड्रायव्हरच फिस्सकन हसला. मग गाव हसलं.

तिचं नाव कमी झालं. दुसऱ्या दिवशी बाया कामावर आल्या, पण हातोड्या मांडीवर ठेवून बसल्या.

"उचला की हातोड्या," महारुद्र म्हणाला.

"आमचा हिरो आल्याबिगर न्हाय," हरणाबाई म्हणाली.

वरून साहेब काम बघायला येणार होता. तिसऱ्या दिवशी महारुद्र स्वतः बनाबाईला बोलवायला वस्तीत गेला.

"आधी टँकर, मग म्या," ती दारातूनच म्हणाली.

त्याच दुपारी टँकर वस्तीत आला. पुढं एक दिवसाआड येत राहिला.

पुढल्या वर्षी भीमजयंतीला वस्तीनं तिच्यासाठी स्टेज बांधलं. चेअरमनांचा निरोप आला, खेळात आमचं नाव नको. बनाबाईनं निरोप ऐकला, कोळसा उगाळला आणि हिंमतरावांसारख्या झुपकेदार मिशा काढून सगळ्यात आधी स्टेजवर चढली.